दुरून साजरी दिसणारी पृथ्वी

'दुरून डोंगर साजरे' ही म्हण आपण सहसा कौतुकाने वापरीत नाही. दुरून दिसणारे सौंदर्य जवळ गेल्यावर टिकत नाही, तेथे दगडधोंडे आणि काटेकुटे भेटतात, असा इशारा त्या म्हणीत आहे. अंतराळवीरांनी टिपलेल्या पृथ्वीच्या छायाचित्रांचा विचार करताना हा इशारा पुनःपुन्हा आठवतो. आपले स्वतःचे घर इतक्या दुरून पाहण्याची संधी माणसाला विसाव्या शतकाच्या आधी कधीच मिळाली नव्हती. ती मिळाली तेव्हा त्याने काय पाहिले, आणि काय त्याच्या नजरेतून निसटले, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

ही छायाचित्रे आता इतकी ओळखीची झाली आहेत की त्यांच्याकडे कोणी निरखून पाहत नाही. शालेय पुस्तकांत, दिनदर्शिकांवर, पर्यावरणदिनाच्या फलकांवर, क्वचित आपल्या चर्चच्या सभागृहांतही तो निळा गोल लावलेला असतो आणि त्याखाली एखादे सुवचन छापलेले असते. एखाद्या कवितेचे रसग्रहण करताना आपण तिचा शब्द न् शब्द तपासतो. कवी कोठे उभा आहे, त्याने काय सांगितले आणि काय गाळले, हे पाहतो. तशी पारख या छायाचित्रांच्या वाट्याला फारशी आलेली नाही. प्रस्तुत लेखात मुख्यतः दोन छायाचित्रांकडे त्या दृष्टीने पाहण्याचा विचार आहे. पहिले 'अर्थराइज', म्हणजे 'पृथ्वी-उदय', १९६८ सालचे. दुसरे 'ब्ल्यू मार्बल', म्हणजे 'निळी गोटी', १९७२ सालचे.

अंतराळातून पृथ्वीचे छायाचित्र घेण्याची सुरुवात मात्र यांच्याही आधीची आहे. २४ ऑक्टोबर १९४६ रोजी अमेरिकेत उडवलेल्या एका व्ही-२ अग्निबाणातील कॅमेऱ्याने शंभर किलोमीटरहून अधिक उंचीवरून पृथ्वीचे कृष्णधवल चित्र टिपले. १९६१ साली रशियाच्या गेर्मान तितोव यांनी, आणि १९६२ साली अमेरिकेच्या जॉन ग्लेन यांनी, यानातून स्वतःच्या हातांनी छायाचित्रे घेतली. ग्लेन यांचा कॅमेरा तर साध्या दुकानातून विकत आणलेला होता. पुढे २३ ऑगस्ट १९६६ रोजी 'लूनर ऑर्बिटर-१' या मानवरहित यानाने चंद्राच्या कडेवरून दिसणाऱ्या पृथ्वीचे चित्र पाठवले. म्हणजे चंद्राच्या क्षितिजावरील पृथ्वी जगाने १९६८ पूर्वीच पाहिली होती. तरीही ते चित्र लोकांच्या मनात रुजले नाही. ते कृष्णधवल होते, पट्ट्यापट्ट्यांनी जोडलेले होते, हे एक कारण. दुसरे कारण अधिक खोल आहे. त्या चित्रामागे पाहणारे कोणी नव्हते. यंत्राने ते टिपले. पण 'हे पाहा' म्हणून शेजाऱ्याला हाक मारणारा माणूस तेथे हजर नव्हता.

'अपोलो-८' मध्ये तो हजर होता. फ्रँक बोरमन, जेम्स लव्हेल आणि विल्यम अँडर्स हे तिघे २४ डिसेंबर १९६८ रोजी चंद्राच्या कक्षेत शिरले. त्यांच्या कामाची यादी चंद्राच्या पृष्ठभागाच्या छायाचित्रांनी भरलेली होती. पुढील मोहिमांना उतरण्यासाठी जागा शोधायच्या होत्या. पृथ्वीच्या छायाचित्राला त्या यादीत महत्त्वाचे स्थान नव्हते. पहिल्या तीन फेऱ्यांत यानाच्या खिडक्या अशा रोखलेल्या होत्या की उगवणारी पृथ्वी कोणाला दिसलीच नाही. चौथ्या फेरीत बोरमन यांनी यान फिरवले आणि अँडर्स यांना खिडकीतून ती अचानक दिसली. त्यांनी आधी हाती असलेल्या कृष्णधवल फिल्मवर एक चित्र घेतले, मग घाईघाईने लव्हेल यांच्याकडे रंगीत फिल्म मागितली. हे चित्र यादीत नाही, अशी थट्टाही बोरमन यांनी त्या गडबडीत केली. यानातील संभाषणाच्या ध्वनिमुद्रणात ही सारी धांदल ऐकू येते. हॅसेलब्लाड कॅमेरा, २५० मिलिमीटरचे भिंग, सेकंदाचा अडीचशेवा भाग, एवढ्या सामग्रीवर ते चित्र घडले. हे छायाचित्र नेमके कोणाचे, याविषयी पुढे बरीच वर्षे घोळ होता. आता ते अँडर्स यांचे म्हणून सर्वमान्य आहे.

या चित्राची रचना पाहावी. खाली चंद्राची राखाडी, खड्ड्यांनी खचलेली जमीन आहे. तिच्यावर गवताचे पाते नाही, पाण्याचा थेंब नाही. वर निव्वळ काळोख; एक तारा नाही. आणि मध्ये, सुमारे पावणेचार लाख किलोमीटरवर, दशमीच्या चंद्राएवढी भरलेली पृथ्वी, निळी-पांढरी, एका बाजूने रात्रीत बुडालेली. चित्राचे सारे सामर्थ्य या जवळ-दूरच्या नात्यात आहे. जे जवळ आहे ते ओसाड आहे आणि जे दूर आहे ते साजरे आहे. म्हणीतला डोंगर येथेही दूरच आहे. पण हा डोंगर परका नाही, पाहणारा त्यावरूनच आलेला आहे आणि त्याला तेथेच परतायचे आहे. दूरच्या वस्तूची हाव आणि घराची ओढ या दोन भिन्न भावना आहेत. 'पृथ्वी-उदय' पाहताना मनात जागते ती दुसरी भावना.

समीक्षकाने आणखी दोन गोष्टींची नोंद घ्यायला हवी. एक म्हणजे हे चित्र आपण पाहतो तसे काढले गेले नव्हते. अँडर्स यांच्या दृष्टीने चंद्राची कड उभी, उजव्या हाताला होती आणि पृथ्वी तिच्या बाजूने बाहेर येत होती. छापणाऱ्यांनी चित्र आडवे फिरवले, चंद्राची जमीन खाली आणली, तेव्हा कोठे 'उदय' झाला. दुसरी गोष्ट नावाची. चंद्राच्या आपल्याकडे वळलेल्या बाजूवर कोणी उभा राहिला, तर त्याला पृथ्वी आकाशात जवळजवळ एकाच ठिकाणी दिसेल. ती तेथे उगवतही नाही, मावळतही नाही. उदय घडतो तो केवळ चंद्राभोवती फिरणाऱ्याला. म्हणजे ज्याला आपण निसर्गाचे साक्षात दर्शन समजतो, त्यात संपादकाचा हात आहे, आणि भाषेचाही. ही फसवणूक नव्हे. सूर्योदयावर वाढलेल्या माणसाने अनोळखी दृश्याला आपल्या अंगणातला शब्द दिला, एवढेच. मात्र हे चित्र 'जसे आहे तसे' आपल्यापुढे आले आहे, असे कोणी म्हणू नये.

चित्र टिपले गेले तेव्हा भारतीय घड्याळांत रात्रीचे दहा वाजून काही मिनिटे झाली होती. नाताळची पूर्वसंध्या होती. आपल्या गावांतून मध्यरात्रीच्या मिस्साची तयारी चालली असेल, गोठे सजले असतील, गायनमंडळे शेवटचा सराव उरकत असतील. दिवस आणि रात्र यांची सीमारेषा त्या चित्रात आफ्रिकेवरून जाते. भारत उजेडाच्या बाहेर, रात्रीच्या बाजूला राहिला. त्या जगप्रसिद्ध चित्रात आपली माणसे आहेत ती अशी, न दिसणारी.

त्यानंतर काही तासांनी, अमेरिकेत २४ तारखेची रात्र आणि आपल्याकडे नाताळची सकाळ असताना, तिघा अंतराळवीरांनी चंद्राच्या कक्षेतून उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील आरंभीची दहा वचने आळीपाळीने वाचली. दूरचित्रवाणीवरून ते वाचन अनेक देशांत पोहोचले. आपल्याकडे ती सोय तेव्हा दिल्लीपुरतीच होती. तेव्हापासून हे वाचन आणि हे छायाचित्र यांची गाठ आपल्या मनात पक्की बसली आहे. चित्र पाहिले की सृष्टीची निर्मिती आठवते, आणि श्रद्धेला जणू शास्त्राने दुजोरा दिला, असे समाधान वाटते. भक्तिपर लेखनात हा सूर वारंवार लागतो.

पण या समाधानाला एक तडा आहे आणि त्याकडे डोळेझाक करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हे चित्र काढणारे अँडर्स त्या वेळी कॅथलिक होते. वाचनाची सुरुवात त्यांच्याच आवाजात झाली होती. तेच अँडर्स, मोहिमेला पन्नास वर्षे झाली तेव्हा, म्हणजे २०१८ च्या सुमारास, मुलाखतींत सांगत होते की त्या प्रवासाने त्यांच्या धर्मश्रद्धेला धक्का दिला. इतक्या अफाट विश्वात, इतक्या छोट्या गोलावरील एकेका माणसाच्या बऱ्यावाईटाचा हिशेब ठेवणारा देव ही कल्पना त्यांना पटेनाशी झाली. ७ जून २०२४ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, स्वतः चालवीत असलेल्या विमानाच्या अपघातात त्यांचा अंत झाला. ज्या दृश्याने लाखो लोकांची श्रद्धा दृढ झाली, त्या दृश्याच्या पहिल्या साक्षीदाराची श्रद्धा त्याच दृश्याने डळमळली. या विरोधाभासाचे काय करायचे?

माझ्या मते याचे उत्तर चित्रात शोधण्यात अर्थ नाही. अँडर्स यांना पडलेला प्रश्न मात्र आपल्याला परका नाही. आठव्या स्तोत्राचा कर्ता चंद्र आणि तारे पाहून नेमके हेच विचारतो, की या सगळ्यापुढे माणूस तो केवढा, आणि देवाने त्याची आठवण का ठेवावी. पोप सहावे पॉल यांनी १९६९ साली 'अपोलो-११' बरोबर चंद्रावर ठेवण्यासाठी जो संदेश दिला, त्यासाठी त्यांनी हेच स्तोत्र निवडले होते. परतीच्या प्रवासात बझ ऑल्ड्रिन यांनी त्यातलाच भाग वाचून दाखवला. एकच प्रश्न स्तोत्रकर्त्याला स्तुतीकडे नेतो आणि अँडर्स यांना संशयाकडे. प्रश्न पडला हे दोघांच्याही पाहण्याचे मोठेपण आहे. ज्याला हे चित्र पाहून काहीच प्रश्न पडत नाही, केवळ समाधान वाटते, त्याच्यापेक्षा अँडर्स यांचे पाहणे अधिक खरे होते, असे म्हणावेसे वाटते.

उलट उदाहरणेही आहेत. एप्रिल १९९४ मध्ये 'एन्डेव्हर' हे यान रडारच्या साह्याने पृथ्वीचेच निरीक्षण करीत होते. त्यातील केव्हिन चिल्टन, सिडनी गुटिएरेझ आणि टॉम जोन्स या तिघा कॅथलिक अंतराळवीरांनी यानातच पवित्र ख्रिस्तप्रसाद घेतला. २०१३ साली माइक हॉपकिन्स आपल्याबरोबर ख्रिस्तप्रसाद घेऊन अंतराळ स्थानकावर गेले, आणि पृथ्वी पाहण्यासाठी बांधलेल्या सात खिडक्यांच्या 'क्युपोला' या दालनातही त्यांनी तो स्वीकारला. तिकडे अँडर्स, इकडे हे चौघे. खिडकीबाहेरची पृथ्वी तीच. छायाचित्र श्रद्धेचा पुरावा देत नाही आणि अश्रद्धेचाही देत नाही. त्याच्याकडून तशी अपेक्षा करणे म्हणजे त्याला धर्मोपदेशाच्या कामाला जुंपणे होय, आणि त्यात चित्राचीही हानी होते, श्रद्धेचीही.

आता दुसऱ्या चित्राकडे वळू. ७ डिसेंबर १९७२ रोजी 'अपोलो-१७' चंद्राकडे निघाले. उड्डाणानंतर पाच तासांच्या सुमारास त्यातून एक छायाचित्र घेतले गेले. सूर्य यानाच्या मागे होता, त्यामुळे पृथ्वीची सबंध तबकडी उजळलेली होती. आफ्रिका, अरबस्तान, मादागास्कर आणि दक्षिणेचा पांढराशुभ्र बर्फाळ प्रदेश त्यात स्पष्ट दिसतो. यूजीन सर्नन, रोनाल्ड इव्हान्स आणि हॅरिसन श्मिट यांपैकी ते कोणी काढले, याचा निकाल लागलेला नाही. नासा त्याचे श्रेय तिघांनाही देते. मूळ चित्रात दक्षिण वर होती. नकाशांना सरावलेल्या डोळ्यांना ते रुचणार नाही म्हणून ते उलटे करून छापण्यात आले. जगात सर्वाधिक वेळा छापल्या गेलेल्या छायाचित्रांत याची गणना होते.

कलाकृती म्हणून मला हे चित्र 'पृथ्वी-उदया'च्या तुलनेत उणे वाटते. त्यात जमीन नाही, क्षितिज नाही, पाहणारा कोठे उभा आहे हे सांगणारी एकही खूण नाही. पहिल्या चित्रातील चंद्राची ओसाड माती आपल्याला आपली जागा सांगत होती. येथे मात्र पृथ्वी काळ्या मखमलीवर ठेवलेल्या जिनसेसारखी दिसते. नावही तसेच पडले, 'गोटी'. उदयाची वाट पाहावी लागते. गोटी मुठीत घेता येते. व्यापारी कंपन्यांनी, जाहिरातदारांनी आणि संस्थांनी हेच चित्र अधिक उचलले, याचे मला नवल वाटत नाही.

याच चित्रावर 'दुरून डोंगर साजरे' ही म्हण पुरेपूर लागू पडते. त्याच्या उजव्या, वरच्या कडेला ढगांचे एक सुबक, पांढरे वेटोळे आहे. ते डिसेंबर १९७२ च्या पहिल्या आठवड्यात तामिळनाडूच्या किनाऱ्यावर धडकलेले चक्रीवादळ आहे. त्याने तेथे पूर आणला, घरेदारे उद्ध्वस्त केली. चित्रात मात्र ते दागिन्यावरच्या नक्षीसारखे दिसते. भारत त्याच कडेला, क्षितिजाशी पुसट होत गेलेला आहे. आणि १९७२ हे साल महाराष्ट्राला कशासाठी आठवते, हे आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना विचारावे. त्या डिसेंबरात मराठवाड्यात, नगर-सोलापूरकडे विहिरी कोरड्या पडल्या होत्या, जनावरे विकली जात होती, लाखो माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती, मिलो ज्वारीच्या भाकरीवर आणि सुकडीवर दिवस काढीत होती. त्याच दिवसांत पृथ्वीचे सर्वांत देखणे छायाचित्र काढले गेले. त्यात भूक दिसत नाही. ती दिसणे शक्यही नव्हते. तो कॅमेऱ्याचा दोष नाही. पण 'हीच आपली पृथ्वी' असे म्हणून आपण ते चित्र भिंतीवर लावतो, तेव्हा जे दिसत नाही त्याची आठवण ठेवण्याची जबाबदारी आपली असते.

अंतराळातून सीमा दिसत नाहीत, सगळी मानवजात एकच वाटते, हेही या छायाचित्रांविषयी नेहमी सांगितले जाते. फ्रँक व्हाइट या लेखकाने १९८७ साली अंतराळवीरांच्या या अनुभवाला नावही दिले, 'ओव्हरव्ह्यू इफेक्ट'. अनेक अंतराळवीरांची साक्ष तशी आहे आणि ती खोटी मानण्याचे कारण नाही. परंतु सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या अंतराळ स्थानकावरून २०११ साली, आणि पुन्हा २०१५ साली, घेतलेल्या रात्रीच्या छायाचित्रांत भारत-पाकिस्तान सीमा एका लांबलचक नारिंगी रेषेसारखी लखलखताना दिसते. कुंपणावरचे दिवे आहेत ते. जगातील मोजक्याच सीमा रात्री अंतराळातून अशा ओळखता येतात, आणि त्यांतली एक आपली आहे. उंचावर गेल्याने वैर आपोआप मावळत नाही. पुरेसा प्रकाश टाकला तर ते उंचावरूनही दिसते. सुविचारांच्या फलकांवर हे छायाचित्र कोणी लावीत नाही. मला ते 'निळ्या गोटी'पेक्षा अधिक सत्य बोलणारे वाटते.

चंद्राच्या अंतरावरून स्थानकाच्या अंतरावर आलो की छायाचित्रणाचा स्वभावच पालटतो. येथे पृथ्वी गोटी नसते; ती खिडकीभर पसरलेली असते आणि भराभर सरकत असते. स्थानक सुमारे दीड तासात एक प्रदक्षिणा पुरी करते. या वेगामुळे रात्रीची शहरे चित्रात फरफटल्यासारखी उमटत. डोनाल्ड पेटिट यांनी २००२-०३ च्या मुक्कामात स्थानकावर सापडलेल्या सुट्या भागांतून एक फिरते साधन बनवले. त्याने कॅमेरा यानाच्या वेगाची भरपाई करीत हळूहळू वळवता येई, आणि शहरांचे दिवे स्थिर, स्पष्ट उमटले. राकेश शर्मा १९८४ च्या एप्रिलमध्ये 'सॅल्यूत-७' वर गेले, तेव्हा भारतभूमीची छायाचित्रे घेणे हा त्यांच्या कामाचा भाग होता. इंदिरा गांधींना त्यांनी दिलेले उत्तर सर्वांना पाठ आहे. हे काम फारसे कोणाला आठवत नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मात्र एक साधा प्रसंग. २३ मे २००६ रोजी जेफ विल्यम्स यांना स्थानकाच्या खिडकीतून अलास्काच्या अल्यूशन बेटांतील क्लीव्हलंड ज्वालामुखीतून राखेचा लोट उठताना दिसला. त्यांनी छायाचित्रे घेतली आणि त्याच वेळी खाली अलास्काच्या ज्वालामुखी वेधशाळेला कळवण्याची व्यवस्था केली. अशी राख विमानांच्या इंजिनांना घातक असते. त्या छायाचित्रात 'पृथ्वी-उदया'चे काव्य नाही. परंतु पाहणाऱ्याने पाहिले, टिपले आणि ज्यांना धोका होता त्यांना सांगितले. सौंदर्याकडून जबाबदारीकडे जाण्याचा जो रस्ता मोठमोठ्या फलकांवर नुसता सुचवलेला असतो, तो विल्यम्स त्या दिवशी प्रत्यक्ष चालून गेले.

'पृथ्वी-उदया'मुळेच पर्यावरणाची चळवळ उभी राहिली, असे विधान पुष्कळदा केले जाते. ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. रेचल कार्सन यांचे 'सायलेंट स्प्रिंग' १९६२ सालीच आले होते आणि कीटकनाशकांनी मरणाऱ्या पाखरांची गोष्ट त्यांनी अगदी जवळून, परसातल्या झाडावरून सांगितली होती. १९६९ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बरा किनाऱ्यावर तेलाचा थर पसरला, तो लोकांनी स्वतःच्या पायांखाली पाहिला. २२ एप्रिल १९७० रोजी पहिला वसुंधरा दिन पाळला गेला, त्यामागे ही सारी जवळची दुःखे होती. चंद्रावरून आलेल्या चित्राने त्या दुःखांना एक चेहरा दिला, एक चिन्ह दिले. हे श्रेय थोडे नाही. पण चिन्हाला चळवळीचे मूळ समजू नये.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा की अंतराळवीरांची छायाचित्रे आपल्याला घर दाखवतात; घरातली माणसे दाखवणे त्यांच्या आवाक्यात नाही. 'पृथ्वी-उदय' श्रेष्ठ ठरते, कारण त्यात ओसाड जमिनीवरून घराकडे पाहणाऱ्या परदेशस्थाची ओढ आहे. 'निळी गोटी' मोहक आहे आणि म्हणूनच तिच्यापासून थोडे सावध राहावे. प्रेमासाठी अंतर लागते हे खरे. ज्याने गाव सोडले त्यालाच गाव संपूर्ण दिसते. पण केवळ अंतरावर राहून प्रेम निभत नाही. त्याला खाली उतरावे लागते, त्या सुबक पांढऱ्या ढगाखाली कोण भिजते आहे हे पाहावे लागते. आपल्या मुलांना हे चित्र अवश्य दाखवावे. दाखवताना त्यांना ढगाचे ते वेटोळे बोटाने दाखवावे, त्याचे नाव सांगावे, आणि त्याच महिन्यात आपल्या महाराष्ट्रात खडी फोडणाऱ्या हातांविषयीही दोन शब्द सांगावेत.